माघ शुद्ध दशमीला भरती किती वाजता?

'लग्न अगदी छोटं करायचंय' असं ज्या घरात ठरतं, त्या घराचा खर्च त्याच क्षणी दुप्पट होतो. मोठं लग्न तसं सोपं असतं. कार्यालय ठरलेलं, आचारी ठरलेला, मसालेभात-जिलबी ठरलेली आणि रुसणारी माणसंही ठरलेली. कोण कशावरून रुसणार आणि कुणी समजूत काढली की पानावर बसणार, हे दोन पिढ्यांपासून सगळ्यांना पाठ असतं. छोट्या लग्नात मात्र सगळंच नव्यानं शोधावं लागतं. त्यातही सगळ्यात आधी शोधावी लागते ती सबब. अमक्यांना का बोलावलं नाही?

माझ्या भाचीला ही सबब समुद्रात सापडली.

"मामा, चाळीस माणसं, एक बेट, वाळू आणि सूर्यास्त. बास!" तिनं जाहीर केलं.

भाओजींची हयात बँकेत गेलेली. ते म्हणाले, "चाळीस म्हणजे एका बाजूची ना?"

या सगळ्यात मी मामा आहे. मराठी लग्नात मामाचं काम पूर्वापार ठरलेलं: भाचीला बोहल्यापर्यंत आणायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी मुकाट उभं राहायचं. त्याचं मत विचारायची पद्धत नाही. त्यामुळे ताईच्या घरी झालेल्या बैठकांत मला पोहे खात सगळ्यांची तोंडं न्याहाळायला भरपूर सवड मिळाली. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की बेटावरच्या लग्नाचा समुद्राशी संबंध बेताचाच. खरा संबंध अंतराशी. कोथरूडच्या कार्यालयात लग्न असलं की एखाद्याला टाळायला तोंडच राहत नाही. तो समोरच्याच गल्लीत राहतो. बेटाचं तसं नाही. "तुम्हाला सांगणारच होतो हो, पण एवढ्या लांब, त्यात तुमचे गुडघे..." एवढं म्हटलं की नकार आपल्याला द्यावा लागत नाही, मधलं पाणी देतं. शिवाय ऐकणाराही दुखावत नाही, कारण गुडघे खरोखरच दुखत असतात.

मग बेट कुठलं, यावर खल सुरू झाला. मालदीव सुरुवातीलाच बाद झालं. तिथं बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी एकाच बेटावर, आणि विहीणबाई रुसल्या तर रुसून जाणार कुठं? रुसलेल्या माणसाला निघून जायला एक रस्ता लागतो आणि पाठोपाठ मनधरणीला जाणाऱ्याला एक रिक्षा लागते. बाली भाचीच्या आत्याला पसंत होतं, कारण तिथं हिंदू आहेत असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. आहेत, बहुसंख्य आहेत. पण नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा पावसाळा. म्हणजे आपला हंगाम आणि त्यांची छत्री एकाच वेळी उघडणार. मॉरिशसमध्ये तर चक्क मराठी माणसं आहेत. 1834 नंतर गिरमिटिया म्हणून जी जहाजं भरून माणसं गेली, त्यांत रत्नागिरीकडचीही होती, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या आजही तिथं गणपती बसवतात. पण फेब्रुवारी म्हणजे तिकडं चक्रीवादळांचे दिवस. फुकेतला सगळ्यांची तयारी होती, फक्त आप्पांचा पासपोर्ट नव्हता. आप्पा म्हणजे भाओजींचे वडील, वय नव्वदीला टेकलेलं, गाव गुहागर. "या वयात पोलीस चौकशीला घरी येणार? शेजारी काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी पासपोर्टचा विषय बंद केला आणि दुसऱ्या क्षणी स्वतःच तोडगा काढला.

"अंदमानला का जात नाही?"

मराठी माणसाचा अंदमानशी परिचय दोनच बाबतींत. एक सावरकर. दुसरी, दरवर्षी मेच्या उत्तरार्धात वर्तमानपत्रात येणारी 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी. ती वाचून आपण गच्चीवरची गळती आठवतो आणि पान उलटतो. तिथं माणसं राहतात, भात लावतात, शाळेत जातात, हे आपल्या गावीही नसतं. आता मात्र घरात नकाशा आला. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय आणि हॅवलॉक बेट 2018 पासून स्वराज द्वीप आहे. विमानाच्या तिकिटांच्या शोधात जुनी नावं आणि पत्रिकेच्या मसुद्यात नवी, असा दुहेरी कारभार सुरू झाला. स्वराज द्वीपवर फाळणीनंतर बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं होतं. त्यामुळे गावांची नावं गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर अशी, आणि किनारे नंबरानं ओळखायचे. राधानगर म्हणजे सात नंबर. पत्रिकेत 'विवाहस्थळ: सात नंबर' असं छापायला आत्याचा सक्त विरोध होता. तिच्या मते ते बसस्टॉप वाटतं.

बेट ठरलं, आता तारीख. लग्न लावून देणाऱ्या कंपनीची एक हसतमुख मुलगी दर रविवारी व्हिडिओवर यायची. तिनं सुचवलं, डिसेंबरचा शेवटचा आठवडा. समुद्र शांत, आकाश निळं, खोल्यांचे भाव मात्र जरा चढे. गुरुजींना फोन लावला, तर ते म्हणाले, पौष लागतोय. थोडक्यात, पर्यटन खात्याला जो काळ सर्वोत्तम, तो पंचांगाला वर्ज्य. मे महिन्यात मुहूर्तांची रेलचेल, पण त्या वेळी आपल्याआधी मान्सून तिथं हजर होणार आणि जेवूनही जाणार. अखेर माघावर एकमत झालं. भाचीला पौर्णिमा हवी होती, चांदण्यात फोटो चांगले येतात म्हणून. गुरुजींनी दशमी दिली, गोरज मुहूर्त.

इथून पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, कारण त्यात आप्पा विरुद्ध गुरुजी विरुद्ध समुद्र असा तिरंगी सामना झाला.

गोरज मुहूर्त म्हणजे गुरं घरी परतण्याची वेळ, सूर्यास्ताच्या मागची-पुढची काही मिनिटं. पुण्यात फेब्रुवारीत सूर्य साडेसहानंतर मावळतो, म्हणून प्रत्येकजण मनात संध्याकाळचे साडेसहा धरून बसला होता. ताईनं पार्लरवालीला चारला बोलवायचं ठरवूनही टाकलं. त्या हसतमुख मुलीनं सहज म्हणून सांगितलं, की तिथं साडेपाचच्या सुमाराला सूर्य बुडालेला असतो. घरात शांतता. अंदमान पुण्याच्या कितीतरी पूर्वेला, म्यानमारच्या दक्षिणेला. पण घड्याळ आपलंच, अलाहाबादजवळच्या साडेब्याऐंशी रेखांशावरचं. सूर्याला हे सरकारी परिपत्रक पोहोचलेलं नसल्यानं तो आपल्यापेक्षा तासाभराहून अधिक आधी उगवतो आणि तितकाच आधी घरी जातो. गुरुजी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "लग्नराशीही स्थळाप्रमाणे बदलते. मला तिथले अक्षांश-रेखांश व्हॉट्सॲप करा." भाचीनं गूगलची लाल टाचणी पाठवली. गुरुजींच्या पोथीत ती कशी खोचली असेल कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी पाच वाजून काही मिनिटांचा मुहूर्त काढून दिला. पार्लरवालीची वेळ दुपारी दोनवर आली. ताईच्या हिशेबानं आता जेवायच्या आधीच मेकअप करावा लागणार, आणि मेकअप केलेल्या तोंडानं वरणभात खाता येत नाही.

तोवर आप्पा कागद-पेन्सिल घेऊन बसले होते. कोकणातल्या माणसाला भरतीची वेळ विचारायला वेधशाळा लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, आली वेळ. दशमी, म्हणजे दहाची पाऊणपट साडेसात. "साडेसातला भरती, लग्न साडेपाचला. वाळू मोकळी असेल. बिनघोर लावा," असा निर्णय त्यांनी दिला. त्या मुलीनं पडद्यावर पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडलं. त्यात पूर्ण भरती सूर्यास्ताच्या आसपासच होती. म्हणजे अंतरपाट धरायचा आणि समुद्रानं वर यायचं, दोघांची वेळ एकच.

आप्पांना हे पटेना. ते गणित त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. गुहागरला कधी चुकलं नव्हतं. मी त्यांना भीत भीत सांगितलं, की ते कोकणच्या किनाऱ्याचं गणित, दर बंदराचं वेगळं असतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मामानं बोलायचं नसतं हे मला पुन्हा आठवलं. पण पराभव मान्य करतील तर ते आप्पा कसले? "असूदे भरती," ते म्हणाले, "दशमीची आहे ना? भांगाची भरती. ती काय वर येते? मुलीला पौर्णिमा दिली असती ना, तर उधाण आलं असतं उधाण!" आणि हे मात्र अगदी खरं होतं. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, त्या मधल्या दिवसांत एकमेकांचा जोर मारतात. तिकडं पौर्णिमेला भरती रात्री नऊ-दहाच्या सुमाराला येते. भाचीच्या मनातल्या चांदण्यातल्या लग्नात फोटो उत्तम आले असते, फक्त पंगतीत तिसऱ्या भाताच्या वेळी पाय ओले झाले असते.

तरीही मंडप नक्की कुठं घालायचा हा प्रश्न राहिलाच. सात नंबरचा किनारा सार्वजनिक, 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मिळालेला. तिथं परवानगीशिवाय बांबू रोवता येत नाही. पाण्यात पाय सोडून फोटो काढायचे तर मगरींपासून सावध राहा असे फलक. (खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत तिथं, थट्टा नाही.) नवरदेवाच्या मित्रांनी हत्तीवरून वरात काढायची टूम काढली होती, कारण तिथला समुद्रात पोहणारा राजन हत्ती त्यांनी कुठल्याशा चित्रफितीत पाहिला होता. तो बिचारा 2016 मध्येच वारला. शेवटी रिसॉर्टच्या हिरवळीवर, माडांच्या खाली, समुद्र दिसेल अशा जागी मंडप घालायचं ठरलं. वरचे नारळ आधी उतरवून घेतील. म्हणजे बीच वेडिंगमधून बीच गेला आणि लॉन आलं. कोथरूडच्या कार्यालयालाही लॉन आहे, हे वाक्य भाओजींच्या ओठांपर्यंत आलेलं मी पाहिलं. ताईनंही पाहिलं. ते परत गेलं.

वाऱ्याचा विचार कुणी केलाच नव्हता. तो गुरुजींनी केला. अंतरपाट म्हणजे दोन माणसांनी दोन टोकांना धरलेलं कापड, समोर समुद्र; वारा सुटला की त्याचं शीड होणार. होमाला आडोसा हवा, लाह्या ओंजळीतून अग्नीत पडायला हव्यात, विहीणबाईंच्या केसांत नव्हे. सप्तपदीच्या तांदळाच्या सात राशींवर तांब्या पालथा घालून ठेवू, पाऊल पडलं की काढू, असा त्यांचा बेत. आणि मग त्यांनी त्यांच्या पिशवीचा विषय काढला.

ही पिशवी मी स्वतः उघडून पाहिली आहे. खाकी कापडाची, बंदाची, आतून हळदीनं पिवळी झालेली. समिधांची जुडी, दर्भ, तुपाचा डबा, कापराची डबी, काडेपेटी, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम आणि खोबऱ्याच्या वाट्या. गेल्या चाळीस वर्षांत ही पिशवी एसटीनं, टेम्पोनं, एकदा तर होडीनंही गेली, कुणी हटकलं नाही. विमानाच्या नियमांप्रमाणे मात्र तिच्यातलं निम्मं सामान ज्वालाग्राही निघालं. काडेपेटी सामानात टाकता येत नाही, कापूर चालत नाही, आणि सुकं खोबरं तर सपशेल बंद. त्यात तेल भरपूर, आपसूक तापून पेट घेऊ शकतं, म्हणून. हे ऐकून ताई खुर्चीत बसली. कारण तिचं रुखवत. माझ्या भाचीची काकू गेले कित्येक आठवडे खोबऱ्याच्या वाट्यांवर रंगीत कागद, मोती आणि टिकल्या लावून सात पावलं, तुळशीवृंदावन आणि एक जोडपं बनवत होती. त्या जोडप्याला आता विमानबंदी होती.

"अहो, पण तिकडं तर नारळच नारळ!" भाओजी.

"ओला नारळ आहे तो," ताई म्हणाली. "ओल्या नारळाचा नवरा दोन दिवसांत आंबतो."

शिवाय माणशी सामान 15 किलो. एक शालू, दोन पैठण्या, नवऱ्याचा फेटा, व्याह्यांचे आहेर आणि मानपानाची भांडी. आत्यानं चांदीचं ताट उशीच्या अभ्र्यात घालून हातात न्यायचं ठरवलंय. परतीच्या भेटीसाठी भाचीला शंख-शिंपले आणि प्रवाळ द्यायचे होते. तिथं किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळही उचलून आणता येत नाही, विमानतळावर काढून घेतात. त्याऐवजी लाडूच द्यावेत असं ठरलं. लाडू कुठल्याही यादीत ज्वालाग्राही नाहीत, हे भाओजींनी दोनदा तपासलं.

एवढं सगळं सोसायचं ते कशासाठी, तर माणसं चाळीसच राहावीत म्हणून. आता त्या चाळिसांची कथा ऐका.

ताईची एक लांबट वही आहे, तिच्यात तीन रकाने. 'येणार', 'येणार नाहीत' आणि तिसऱ्याला नाव नाही. त्यात ज्यांना बोलावलं नाही तर बोलणं होईल, पण बोलावलं तरी येणं शक्य नाही अशी मंडळी. नागपूरचे काका, मिरजेची मावशी, भाओजींचे एकेकाळचे साहेब, आप्पांचे ब्रिजचे भिडू. या तिसऱ्या रकान्याला पत्रिका मोकळ्या हातानं पाठवायच्या, अंतरानं आपलं काम करावं, असा सगळ्या योजनेचा पाया. बाली ठरलं असतं तर हा पाया टिकलाही असता.

पहिला फोन मिरजेच्या मावशीचा आला. आवाज भरून आलेला. "अगं, अंदमान? यांची फार इच्छा होती गं सावरकरांची कोठडी बघायची. राहूनच गेलं. मी येतेय. माझ्याबरोबर दोन्ही जावा येतायत."

मग नागपूर. मग साहेब. मग ब्रिजचे चारही भिडू, सपत्नीक. ज्या मंडळींनी गेल्या दहा वर्षांत मिरज-पुणे प्रवास 'फार दगदग होते' म्हणून टाळला होता, ती चेन्नईला विमान बदलून, पुढं बोटीनं दीड-दोन तास हेलकावे खात लग्नाला यायला एका पायावर तयार झाली. मराठी माणसाला 'अंदमानला लग्न आहे' असं सांगणं म्हणजे 'काशीला मुंज आहे' असं सांगण्यासारखं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. 1911 साली सावरकरांना जिथं नेलं, जिथं त्यांनी दहा वर्षं काढली, ते ठिकाण बघायला मिळतंय आणि वर जेवण मुलीकडचं! कोण सोडेल? चौकशाही लग्नाच्या नव्हत्याच. सेल्युलर जेल सोमवारी बंद असतं का? सात इमारतींपैकी तीनच उरल्यात म्हणतात, मग त्यांची कोठडी नेमक्या उरलेल्यांत आहे ना? संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम हिंदीत असतो की इंग्रजीत? नागपूरच्या काकांनी तर दोन दिवस पोर्ट ब्लेअर आणि 'मधे जमलं तर' लग्न, असा स्वतःचा कार्यक्रम छापूनच पाठवला. आप्पा या सगळ्यानं अतिशय खूश आहेत. त्यांच्या लहानपणी काळ्या पाण्यावर निघालेल्या माणसाच्या घरी रडारड होई, हे ते प्रत्येक फोनवर सांगतात आणि पुढं जोडतात, "आता एसी आहे."

वही आता दीडशेच्या पुढं गेली आहे. स्वराज द्वीपवरची रिसॉर्टं आटोपशीर, एवढी माणसं एका छताखाली मावत नाहीत. म्हणून वरपक्ष पाच नंबरला, आम्ही तीन नंबरला आणि ब्रिजवाले एका होमस्टेमध्ये, जिथं सकाळी मासे असतात हे त्यांनी आपापल्या बायकांना अजून सांगितलेलं नाही. बोटीच्या तिकिटांवरून तर मानापमानाचा एक पूर्ण अंक झाला. वरच्या वर्गात कोण आणि खाली कोण, यावर विहीणबाईंनी 'आमचं काही म्हणणं नाही' असं म्हटलं. हे वाक्य ऐकल्यापासून ताईची झोप उडाली आहे.

जे खरोखरच येऊ शकत नाहीत, त्यांना टाळता येईल अशी शेवटची आशा होती, तीही समुद्राखालून गेली. ऑगस्ट 2020 मध्ये चेन्नईहून अंदमानला सुमारे 2300 किलोमीटरची केबल सुरू झाली, तिचा एक फाटा स्वराज द्वीपलाही आहे. त्यामुळे लग्न थेट दिसणार. अमेरिकेतल्या चुलतभावानं विचारलं, "लिंक कधी पाठवतोस? आणि मंगलाष्टक मी इथून म्हणतो, चाल लावून ठेवली आहे." म्हणजे वाऱ्यात अंतरपाट धरून दोघं उभे, खाली भांगाची भरती, आणि स्पीकरमधून न्यू जर्सीचं मंगलाष्टक दोन सेकंद उशिरा. मी मागं उभा असेन. मी काही बोलणार नाही.

एवढं करूनही ज्यांना बोलावता आलं नाही त्यांचं काय? कारण तेही आहेतच, सोसायटीतले, ऑफिसातले, भिशीतले. त्यांच्यासाठी परत आल्यावर पुण्यात स्वागतसमारंभ करायचा ठरलाय. कोथरूडच्याच कार्यालयात. सातशे पानं.

गेल्या रविवारी डेकोरेटर येऊन गेला. त्याच्याकडे अल्बम होता: राजवाडा थीम, वाडा थीम, केरळ थीम. आणि तुमच्याकडं असंच लग्न झालंय म्हणून खास, बीच थीम. लॉनवर दोन ट्रक वाळू, प्लास्टिकचे माड, शहाळ्याची गाडी, मागं भल्यामोठ्या एलईडी पडद्यावर सूर्यास्त.

"सूर्यास्त किती वाजता?" भाओजींनी सवयीनं विचारलं.

"साहेब, तुम्ही म्हणाल तेव्हा. दोन-तीन तास तसाच ठेवतो. लाटांचा आवाज फक्त दहाला बंद करावा लागेल, स्पीकरचा नियम आहे."

ताई इतका वेळ गप्प होती. तिनं वही मिटली. "वाळू चांगली असेल ना हो? मुलीचा शालू आहे."

"बांधकामाचीच आहे ताई," तो म्हणाला, "पण धुतलेली."